अभावाची ओळख : माळकऱ्याची थाळी आणि जीवनसत्त्व ब-१२



आषाढी आटोपली, गोपाळपूरचा काला झाला, दिंड्या परतीला लागल्या, की पंढरपुरात एक वाक्य हमखास कानावर येतं : "पायाला मुंग्या येतायत, चालणं फार झालं, उतरतील आठ दिवसांत." बहुतेकांच्या उतरतातही. काहींच्या मात्र उतरत नाहीत. पुढची आषाढी येते तरी कापसावर चालल्यासारखं वाटतं. अंधारात पाऊल नेमकं कुठे पडलं ते कळत नाही. जीभ लालसर, गुळगुळीत होते आणि साधी आमटीसुद्धा झोंबते. दुपारी ठेवलेली वस्तू संध्याकाळी आठवत नाही. मग घरातली माणसं म्हणतात, "वय झालं आता."

आमच्याही बाबतीत हेच झालं. वय सत्तरीच्या पुढे आणि मधुमेहाच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू, त्यामुळे मुंग्यांना दोन कारणं आयतीच हाताशी होती. तिसरं शोधायची गरज आम्हाला वाटली नाही. जन्मभर मुलांना तर्कशास्त्र शिकवलं, एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाहीच असं समजू नका असं फळ्यावर लिहून दिलं, आणि स्वतःच्या पायांची वेळ आली तेव्हा तेच विसरलो. शेवटी रक्तातलं ब-१२ तपासलं. ते बरंच कमी निघालं.

म्हणून आज पांडुरंगाच्या गावात पांडुरोगावर आणि त्याच्या भावंडांवर बोलायचं आहे. आधीच सांगून ठेवतो, आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. औषध तुमचे डॉक्टर देतील. आम्ही फक्त विचार कसा करायचा तेवढं सांगणार.

जमिनीवर घागर नाही, हे कळतं कसं?

आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. नसणं हीसुद्धा जगाबद्दलची एक खरी गोष्ट आहे, असं ते म्हणतात. नेहमीचं उदाहरण घागरीचं. जमिनीवर घागर नाही, हे आपल्याला कळतं. पण कुणाला कळतं? ज्याला घागर म्हणजे काय ते ठाऊक आहे त्याला. ज्याचा अभाव असतो त्याला नैयायिक 'प्रतियोगी' म्हणतात. प्रतियोगी माहीत नसेल तर अभाव समोर असूनही दिसत नाही. ज्याने जन्मात घागर पाहिलेली नाही त्याला ती जमीन नुसती जमीनच दिसणार.

जीवनसत्त्वांची सगळी कहाणी हीच आहे. ती ताटात दिसत नाहीत, त्यांना चव नाही, भूक लागून ती मागताही येत नाहीत. ती नसतात तेव्हा दुसरंच काहीतरी दिसतं : थकवा, मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड. त्या प्रत्येकाला आपण ओळखीचं नाव देऊन मोकळे होतो. ब-१२ ची कमतरता आपल्याकडे इतकी पसरलेली असून घरात तिचं नावही निघत नाही, ते यामुळेच. आजच्या व्याख्यानाचं काम एवढंच, तुम्हाला त्या घागरीची ओळख करून द्यायची.

हे सत्त्व शरीरात करतं काय?

दोन मोठी कामं. पहिलं रक्ताचं. हाडांच्या मगजात क्षणोक्षणी नव्या तांबड्या पेशी तयार होतात. पेशी दुभंगायच्या आधी तिच्या आतल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि त्या कामाला ब-१२ आणि फोलिक ॲसिड हे दोघे जोडीने लागतात. जोडीतला एक कमी पडला की पेशी वाढत राहतात पण दुभंगत नाहीत. आकाराने मोठ्या, संख्येने कमी. माणूस फिकट पडतो, जिना चढताना धाप लागते.

दुसरं काम नसांचं. विजेच्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं तसं मज्जातंतूंवर एक स्निग्ध वेष्टण असतं. ते शाबूत ठेवायला ब-१२ लागतं, आणि इथे फोलिक ॲसिड त्याची जागा घेऊ शकत नाही. वेष्टण विरलं की संदेश अडखळतात. लांबच्या तारांना आधी फटका बसतो, म्हणून सुरुवात तळपायांपासून. पुढे तोल, पुढे स्मरण, कधी कधी मनाची उभारीसुद्धा. वेळेवर भरपाई झाली तर यातलं पुष्कळसं परत येतं. फार उशीर झाला तर सगळं येत नाही. एवढ्यासाठीच "वय झालं" हे वाक्य आम्हाला धोक्याचं वाटतं. वय मागे फिरत नाही, पण ब-१२ ची कमतरता भरून काढता येते. भरून येण्यासारख्या गोष्टीला वय म्हणून सोडून देणं ही साधी चूक नव्हे.

रोजची गरज किती? मोठ्या माणसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच भाग. इतक्या थोड्यावर इतकं अवलंबून असतं.

मुंबईतल्या गरोदर बायका आणि दोन वेगळ्या घागरी

ही घागर ओळखायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात थॉमस ॲडिसन यांनी एका जीवघेण्या पांडुरोगाचं वर्णन केलं. उपाय कुणालाच माहीत नव्हता. १९२६ मध्ये बोस्टनच्या मिनो आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रोग्यांना रोज भरपूर यकृत खायला घातलं आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. १९३४ चं नोबेल पारितोषिक त्यांना व्हिपल यांच्याबरोबर मिळालं.

आता आपल्या मुंबईकडे या. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गरीब वस्तीतल्या, गिरणी कामगारांच्या घरातल्या गरोदर बायका तशाच दिसणाऱ्या पांडुरोगाने खंगत होत्या, काही दगावत होत्या. यीस्टचा अर्क दिला तर त्या बऱ्या होतात, असं विल्सबाईंनी १९३१ मध्ये दाखवून दिलं. मग यकृताचा अर्क जास्त जास्त शुद्ध करत गेल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. शुद्ध अर्काने ॲडिसनचा रोग बरा होई, पण विल्सबाईंच्या रोग्यांना गुण येत नसे. आमच्या शास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : अमुक असेल तर तमुक होतं, अमुक नसेल तर होत नाही. अर्थ उघड होता. रक्त सारखंच बिघडलेलं दिसलं तरी कमतरता दोन वेगळ्या वस्तूंची होती. मुंबईची ती वस्तू पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखली गेली. दुसरी १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडात लाल स्फटिकांच्या रूपात हाती आली, तीच ब-१२. तिची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली. त्यांना १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रेणूच्या मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला आहे. इंजेक्शनचा तो लाल रंग या रचनेमुळेच.

हा इतिहास सांगण्यामागे कारण आहे. आपली भाजी-डाळीची थाळी फोलिक ॲसिडच्या बाबतीत सहसा कमी पडत नाही. त्यामुळे आपल्याकडे रक्त बरंचसं सावरलेलं राहतं आणि नसा मात्र आतून झिजत असतात.

मुळात हे तयार कोण करतं?

आता माळकऱ्यांनी नीट ऐकावं. लोक म्हणतात ब-१२ मांसात असतं. असतं हे खरं, पण ते जनावराने बनवलेलं नसतं. ब-१२ कुठलंही झाड बनवत नाही आणि कुठलाही प्राणी बनवत नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्म जीव, मुख्यतः जीवाणू. गाय गवत खाते, मातीतला कोबाल्ट गवतातून तिच्या पोटात जातो, तिथले जीवाणू त्यापासून ब-१२ घडवतात आणि तेच दुधात उतरतं. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत भरल्या कुरणात मेंढ्या खंगून मरत होत्या. शोध घेतला तेव्हा जमिनीत कोबाल्ट कमी होता. गवत भरपूर होतं, जीवाणूंकडे कच्चा मालच नव्हता.

मग आपल्या पोटात जीवाणू नाहीत का? आहेत, आणि ते ब-१२ बनवतातही. पण ते राहतात मोठ्या आतड्यात आणि ब-१२ शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. शेत वर आणि पाट खालून वाहतोय, अशी गत.

शोषणाची वाटही सरळ नाही. अन्नात ब-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते जठरातलं आम्ल सोडवतं. मग जठरातूनच स्रवणारा एक वाहक पदार्थ त्याला हाताला धरून आतड्याच्या त्या टोकाला नेतो. म्हातारपणी आम्ल कमी होतं. पित्तावरच्या, आम्ल दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी तेच. मधुमेहावरची मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही शोषण घटू शकतं. म्हणून या गोळ्या मनाने बंद करू नका हो. त्या ज्यासाठी दिल्या आहेत ते कारण खरंच असतं. फक्त ब-१२ तपासायची आठवण डॉक्टरांना करून द्या.

आणखी एक. यकृतात ब-१२ चा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे माणूस चार-पाच वर्षं म्हणतो, "मला तर काहीच होत नाही." तो खात असतो ती शिल्लक. शिल्लक संपली की होणाऱ्या अभावाला आमच्याकडे प्रध्वंसाभाव म्हणतात, म्हणजे असलेलं संपल्यावरचा अभाव.

पुण्याचे आकडे

आपल्या महाराष्ट्रातच यावर मोलाचं काम झालं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहारी माणसाला कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त होता. सगळ्यात वरचा आकडा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा, हे लक्षात घ्या. ही पोटभर जेवणाऱ्यांची उपासमार आहे.

याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. जवळपास दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा असं दिसलं, की ज्यांच्या आईत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी, त्या मुलांच्या शरीराचा इन्सुलिनला विरोध सगळ्यात जास्त होता. पुढच्या मधुमेहाची ती पाऊलवाट. आता तर्काच्या दृष्टीने, दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. म्हणून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. २०१२ पासून त्याच कुटुंबांतल्या तरुण मुलामुलींना रोज अवघं दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्या मुलींना गरोदर राहण्याआधीपासून ब-१२ मिळालं होतं त्यांची बाळं दोन वर्षांची असताना बौद्धिक वाढीच्या काही चाचण्यांत सरस ठरली.

म्हणजे हा विषय आम्हा म्हाताऱ्यांच्या मुंग्यांपुरता नाही. लग्नाला आलेल्या मुलीच्या ताटाचा आहे.

आता आपली थाळी पाहू

ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी, तुरीची आमटी, मेथी. उत्तम अन्न. लोह, फोलेट, चोथा, प्रथिनं सगळं आहे. ब-१२ शून्य. एकादशीला काय? साबुदाणा, भगर, रताळी, शेंगदाणे, राजगिरा. तिथेही शून्य. इडली-आंबोळी आंबवलेली असते म्हणून तिच्यात ब-१२ असेल, यावर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे सापडतं तेही बहुतांशी नुसतं तसं दिसणारं, आपल्या शरीराला निरुपयोगी असतं.

शाकाहारी ताटात ब-१२ येतं एकाच दाराने, दूधदुभत्याच्या. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम. दही, पनीर यांतही असतं. पुण्यातच शाकाहारी तरुणांना रोज दूध देऊन पाहिलं तेव्हा त्यांच्या रक्तातलं ब-१२ वाढलं होतं. काल्याच्या प्रसादात लाह्या-पोह्यांबरोबर दही असतं, ते रोजच्या ताटातही असू द्या. पण आपल्या गावाकडे दुधाची वाट कशी आहे? पहाटे डेअरीला जातं. उरलेलं आधी लहान मुलांना, मग घरच्या पुरुषांना, मग चहाला. घरची बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला दुधाचे येतात ते चहातले दोन चमचे. दावणीला म्हैस आणि घरच्या सुनेच्या रक्तात ब-१२ नाही, हे आपल्याकडे सहज घडू शकतं. इथे विज्ञान पुरत नाही, घरातली पंगत बदलावी लागते.

जे माळकरी नाहीत, ज्यांना अंडी, मासळी, मांस चालतं, त्यांची वाट सोपी आहे. मात्र उतारवयात शोषणाचा प्रश्न त्यांनाही असतो.

अंधाऱ्या खोलीतली घागर

पुष्कळ जण म्हणतात, "हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणजे काही कमी नाही." थांबा. घागर दिसत नाही म्हणून ती नाही, असं कधी म्हणता येतं? ती असती तर दिसली असती, इतका उजेड असेल तेव्हाच. अंधाऱ्या खोलीत न दिसणं हा पुरावा नव्हे. तेच उलट बाजूने. कमतरता आहे की नाही ते पाहायला हिमोग्लोबिन हा दिवा पुरेसा नाही, कारण फोलेट रक्ताला सावरून धरतं. त्यासाठी ब-१२ चीच तपासणी हवी. ती साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमी धरतात. आकडा काठावर असेल तर डॉक्टर होमोसिस्टिनसारखी आणखी एखादी तपासणी सांगतात. आणि एक पथ्य : मुंग्या असताना नुसतं फोलिक ॲसिड घेत बसू नका. रक्त सुधारेल, नसांची झीज चालू राहील. गरोदरपणात दिलं जाणारं फोलिक ॲसिड मात्र बंद करायचं नाही, त्याच्या जोडीला ब-१२ चं विचारायचं.

उलट टोकही टाळा. ज्याला कमतरता नाही त्याला "ताकदीचं" लाल इंजेक्शन घेऊन ताकद येत नाही. भरलेल्या घागरीत आणखी ओतलं तर ते वाहून जातं, आणि इथे ते खरोखरच लघवीवाटे जातं.

चिठ्ठ्यांना उत्तरं

पहिली चिठ्ठी : "गोळी घेतली तर माळेला बाध येतो का?" आमच्या मते नाही. औषधातलं ब-१२ कारखान्यात, मोठ्या टाक्यांमध्ये जीवाणू वाढवून मिळवतात. कुठलंही जनावर त्यासाठी मारलं जात नाही. दही ज्या जातीच्या व्यवहाराने लागतं त्याच जातीचा हा व्यवहार. फक्त कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असू शकतं, म्हणून साधी गोळी किंवा जिभेखाली विरघळणारी गोळी मागा. अहिंसेचा नियम पाळायचा तो जीव राखण्यासाठी. स्वतःच्या नसा झिजवणं हा त्या नियमाचा भाग आहे असं आम्हाला वाटत नाही.

दुसरी चिठ्ठी : "गरज दोन मायक्रोग्रॅमची, मग गोळी हजार मायक्रोग्रॅमची का?" चांगला प्रश्न. वाहकाच्या हाताने एका वेळी थोडंच शोषलं जातं. मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का मात्र वाहकाविनाही आत झिरपतो. हजाराचा एक टक्का दहा. म्हणून ज्यांचं शोषण बिघडलं आहे त्यांनाही पुष्कळदा गोळी लागू पडते. नसांची लक्षणं असतील तर डॉक्टर सहसा इंजेक्शनपासून सुरुवात करतात.

तिसरी चिठ्ठी एका आजींची आहे : "एकादशीला गोळी चालते का?" आजी, द्वादशीला घ्या. साठा यकृतात असतो, एका दिवसाने काही बिघडत नाही.

आमच्या पायांच्या मुंग्या औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी कमी झाल्या. पुरत्या गेल्या नाहीत. थोड्या राहिल्यात, त्या आमच्या उशिराच्या. तुम्ही उशीर करू नका. घरी गेल्यावर दोन माणसांकडे बघा : एक, ज्यांना आपण "वय झालं" म्हणतो ते, आणि दुसरी, जी सगळ्यांच्या शेवटी जेवते ती. तिच्या ताटात आज वाटीभर दही वाढा.